सड्यावरचा हिशेब

सिंधुदुर्गातलं तोंडवली-तळाशील म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गडनदीची खाडी. वाळू कुठे उपसली, बंधारा कुठे घातला, याचं उत्तर इथे पुढच्याच पावसाळ्यात दारापर्यंत येतं. अहवालाची वाट बघावी लागत नाही.

त्याच जिल्ह्यातल्या चिपी विमानतळाचं तसं नाही. तिथल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, 9 ऑक्टोबर 2021 रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. सडा दिसतो उजाड. पण जांभ्यात मुरलेलं पाणीच खालच्या वाड्यांच्या विहिरींना मिळतं. तिथला बदल सावकाश कळतो, म्हणून लेखी हिशेब हवा. 2006च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीतल्या अटींचं काय झालं, ते दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, कळवावं लागतं. कर्ज देणाऱ्या बँका आणि भागधारकही आता हेच विचारतात.

जनसुनावणीआधी प्रकल्पाचा सारांश मराठीत द्यावाच लागतो. पुढचे अहवाल मात्र बहुधा इंग्रजीत. ते मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, विहिरींच्या पातळीसकट. येत्या 1 डिसेंबरपासूनच सुरुवात करता येईल.