पाहणीचा एक दिवस आणि उरलेले ३६४

ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली, म्हणून वाचली. त्या वस्तीखाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीच्या पोकळ्या होत्या. कोळसा केव्हाच निघून गेला होता. मागे राहिली ती पोकळी आणि तिच्यावर संसार मांडून बसलेली माणसे. खाणीचा हिशेब कोळसा उचलला की मिटत नाही, हे या एका घटनेने जितके स्पष्ट केले, तितके अनेक जाडजूड अहवालांनाही साधले नसेल.

कोळशाला विरोध करण्याचा येथे प्रश्न नाही. २०२४-२५ या वर्षात देशाचे कोळसा उत्पादन शंभर कोटी टनांच्या पुढे गेले. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे आणि राज्यातील घराघरांत लागणाऱ्या दिव्यांमध्ये त्याचा वाटा आहे. परंतु याच चंद्रपूरला २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात ८३.८८ गुण ‘मिळाले’ आणि अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत ते देशात चौथे ठरले. प्रकाश एकाच्या घरी आणि धूळ दुसऱ्याच्या दारी, अशी ही वाटणी आहे. ती सुसह्य करायची असेल, तर ज्या अटींवर खाणीला परवानगी मिळते, त्या पाळल्या जातात की नाही, हे तरी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

अटींची उणीव नाही. खाणीतून काढलेल्या माती-दगडांच्या ढिगाऱ्याचा एकूण उतार सामान्यतः २८ अंशांहून अधिक असू नये. त्याच्याभोवती चर खणावेत, वाहून येणारा गाळ बसविण्यासाठी तलाव असावेत, वरची सुपीक माती वेगळी राखून पुढे वृक्षलागवडीसाठी वापरावी, ट्रक ताडपत्रीने झाकावेत, परिसरातील भूजलाची पातळी वर्षातून चार वेळा मोजावी. मार्गदर्शक तत्त्वांनुसार तर खाण शास्त्रीय पद्धतीने बंद करण्याच्या खर्चाची तरतूदही आधीपासून स्वतंत्र खात्यात करावी लागते. कागदावर पाहिले तर एकही कोपरा सुटलेला नाही.

घोडे अडते ते तपासणीपाशी. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल सादर करावा लागतो. पण तो लिहितो कोण? स्वतः खाणचालकच! परीक्षार्थीनेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, तसा हा प्रकार. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या विभागीय कार्यालयातील अधिकारी पाहणीला येतात. परंतु खाणी अनेक आणि अधिकारी मोजके. २०१७ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी परवानगीनंतरच्या देखरेखीतील त्रुटींवर नेमके बोट ठेवले. २०१९ मध्ये कोल इंडिया आणि तिच्या उपकंपन्यांवरही त्यांचा स्वतंत्र अहवाल आला. पाहणीच्या दिवशी रस्त्यावर पाणी शिंपडणे अवघड नसते. खरी कसोटी असते ती उरलेल्या ३६४ दिवसांची.

दंडाचा धाकही बदलला आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. किरकोळ चुकीसाठी उद्योजकाला तुरुंगाची भीती दाखवू नये, हा विचार रास्तच आहे. पण मोठ्या खाणीच्या एका दिवसाच्या उलाढालीपुढे पंधरा लाख म्हणजे किती? २०२५ च्या नियमांनी नोंदणीकृत पर्यावरण लेखापरीक्षकांची नवी व्यवस्थाही निर्माण केली आहे. मनुष्यबळाची टंचाई पाहता तिचे स्वागत करावे. तथापि परीक्षक सरकारी असो वा खासगी, तो सकाळी येणार आणि संध्याकाळी परतणार.

गाव मात्र तेथेच राहते. विहिरीला मे महिन्यात पाणी किती उरते, कापसाच्या बोंडांवर किती धूळ बसते, पहिल्या पावसात ढिगाऱ्याची माती कोणत्या नाल्यात उतरते, हे गावाइतके कोणाला ठाऊक असणार? इरई नदीकाठच्या ढिगाऱ्यांनी पात्र आक्रसले, ही चंद्रपूरकरांची जुनी तक्रार अशाच डोळ्यांदेखतच्या अनुभवातून आलेली आहे. म्हणून प्रत्येक पाहणीच्या वेळी ग्रामसभेने निवडलेले दोन ग्रामस्थ उपस्थित असावेत आणि त्यांचे म्हणणे अहवालात नोंदले जावे. सहामाही अहवाल सोप्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. प्रामाणिक खाणचालकाला याचे भय वाटण्याचे कारण नाही. उलट आपल्या सचोटीला साक्षीदारच मिळाला, असे त्याने समजावे.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. पूर्ततेचे हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत. अर्ज करणाऱ्या कोणालाही त्यांची प्रत द्यावी, असे अधिसूचनाच सांगते. खाणपट्ट्यातील कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, शिकलेल्या तरुणांनी ती मागवावी, ग्रामसभेत वाचावी आणि अहवालातील आकडा गावातील विहिरीशी ताडून पाहावा. भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्या उदरात काय चालले आहे याची चौकशी करायची नाही, तर कोणी करायची? राष्ट्राला कोळसा हवाच आहे. पण त्यासाठी आणखी एखादे घर जमिनीत जाता कामा नये.