नाटकाआधीचे जेवण आणि तिसऱ्या अंकाचे अर्धे तिकीट

१/ लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागातील बिस्त्रोंत संध्याकाळी लवकर ‘प्री-थिएटर’ जेवण मिळते: मोजके पदार्थ, ठरलेली किंमत आणि पडदा उघडण्यापूर्वी बिल. ही चैन समजली जाते; पण तिच्यामागे वेळेचे एक जुने भांडण आहे.

२/ शेक्सपिअरच्या काळी खुल्या नाट्यगृहांत प्रयोग दुपारी, सूर्यप्रकाशात होत. काम बुडवल्याखेरीज कारागिराला नाटक दिसत नसे. १८व्या शतकात मेणबत्त्यांच्या उजेडात प्रयोग सहाच्या सुमारास सुरू होऊ लागला. तरीही दुकानांतून, कचेऱ्यांतून सुटलेला माणूस उशिराच पोहोचे. अशांना तिसऱ्या अंकानंतर अर्ध्या दरात प्रवेश देण्याची रूढी होती.

३/ जानेवारी १७६३मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहाचा चालक आणि विख्यात नट डेव्हिड गॅरिक याने ही सवलत नाकारताच प्रेक्षकांनी बाके मोडली, झुंबरे फोडली. गॅरिकला माघार घ्यावी लागली.

४/ त्या नासधुशीचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु तिच्यामागचा प्रश्न खरा होता. दिवसभर राबणाऱ्याने अर्ध्याच नाटकावर समाधान का मानावे? आज पडदा बहुधा साडेसातला उघडतो. कामावरून थेट आलेल्याच्या पोटात दोन घास पडतात आणि पहिला अंकही चुकत नाही. म्हणूनच रंगभूमीच्या इतिहासात नटाशेजारी या ताटालाही स्थान मिळायला हवे.