पाच रुपयांची स्वाक्षरी

१/ १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. त्या काळी त्यांची स्वाक्षरी फुकट मिळत नसे. हरिजन निधीसाठी पाच रुपये द्यावे लागत. महात्म्याने स्वतःच्या सहीला भाव लावावा, हे काहींना खटकेल. वस्तुतः स्वाक्षरीचा इतका स्वच्छ व्यवहार इतिहासात विरळाच.

२/ हे समजण्यासाठी मुष्टियुद्धाच्या आखाड्यात डोकावावे लागते. मुहम्मद अलींची स्वाक्षरी असलेले हातमोजे आज लाखो रुपयांना विकले जातात. ही किंमत चामड्याची नव्हे, शाईचीही नव्हे. मग कशाची?

३/ ४ जुलै १९१०, रेनो. कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन याने गोऱ्यांची आशा मानल्या गेलेल्या जिम जेफ्रिजला हरवले. अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मारली गेली. पणाला केवळ किताब नव्हता. वर्णश्रेष्ठत्वाचा दावाच पणाला लागला होता.

४/ त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनमध्ये गामा पहिलवान झ्बिश्कोसमोर उभा ठाकला. पहिली लढत अनिर्णित राहिली. दुसऱ्या खेपेस झ्बिश्को फिरकलाच नाही आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामाकडे आला. पारतंत्र्यातील देशाला तो पट्टा स्वतःच्याच कमरेला बांधल्यासारखा वाटला.

५/ १९३८ मध्ये जो लुईने जर्मनीच्या श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळवले. १९६७ मध्ये अलींनी सैन्यभरती नाकारली आणि किताब गमावला. अशा वस्तूंना मोल येते ते या सामूहिक जयपराजयातून. ते मोल समाजाने निर्माण केलेले असते. विक्रीचा नफा मात्र एकट्याच्या खिशात जातो.

६/ महाराष्ट्राने याची दुसरी बाजू पाहिली आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. पुढे त्यांच्या नावाने जाहीर झालेली कुस्ती अकादमी रखडली, तेव्हा २०१७ मध्ये कुटुंबाने पदकच लिलावात काढण्याचा इरादा जाहीर केला. मोल समाजाचे, जबाबदारी मात्र एका घराची!

७/ खासगी संग्राहकांनी अनेक वस्तू नष्ट होण्यापासून वाचवल्या, हे नाकारता येत नाही. परंतु जतन म्हणजे केवळ काचेच्या पेटीत ठेवणे नव्हे. ज्या लढ्यामुळे वस्तूला अर्थ आला, तो लढा पुढे नेणे हेही जतनच.

८/ सेवाग्रामच्या पाच रुपयांचा धडा तोच आहे. तिथे स्वाक्षरी घेणारा माणूस आठवण घरी नेई आणि त्याच क्षणी एका अपुऱ्या कार्याचा भागीदार होई. प्रत्येक लिलावाच्या बोलीतला काही वाटा एखाद्या गावच्या तालमीपर्यंत पोहोचला, तर त्या हातमोज्यांवरील सहीला खरा अर्थ येईल. तोवर ती केवळ महागडी शाई आहे.