मदत येईपर्यंत

आषाढात तुकोबांची पालखी अकलूजहून निघते, माळीनगरला उभे रिंगण होते आणि पुढे श्रीपूरच्या साखर कारखान्यावरून ती बोरगावच्या मुक्कामाला जाते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला प्रथमोपचाराचे टेबल मांडून बसले की चार तासांत जे शिकायला मिळते ते चार शिबिरांत मिळत नाही. टेबलावर आपण हौसेने सगळे मांडलेले असते. मानेचा पट्टा, फळ्या, रक्तदाबाचे यंत्र, नाना तऱ्हेची मलमे. लोक येतात ते ठरावीक गोष्टींसाठीच. टाचेला फोड आलाय, पट्टी द्या. मांड्या घासल्यात, लावायला काही आहे का? गरगरतंय, जरा टेकू दे बाबा. चपलेचा अंगठा तुटलाय, पिन आहे का पिन? संध्याकाळी मानेचा पट्टा जसा काढला तसा पेटीत परत जातो आणि चिकटपट्टीची रिकामी रिळे तेवढी टेबलाखाली पडलेली असतात.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पावसाळी सहलींच्या तारखा लागलेल्या असतील. एका दिवसाच्या भटकंतीला सुरक्षेचे कोणते सामान न्यावे त्याची यादी छापा, अशी पत्रे दर वर्षी याच सुमाराला येतात. यादी द्यायला काहीच लागत नाही. सिएटलच्या ‘द माउंटेनिअर्स’ या संस्थेने १९३०च्या दशकात दहा आवश्यक वस्तूंची यादी केली, १९७४ मध्ये ती त्यांच्या पुस्तकात छापली गेली आणि आज आपल्याकडचे गट तीच उतरवून व्हॉट्सॲपवर फिरवतात. यादी उत्तमच आहे, पण ती बर्फाच्या आणि ओल्या जंगलाच्या मुलखात जन्मली, म्हणून तिच्यात आग पेटवायचे साधन आहे. माळशिरस तालुक्यात, वाळल्या पाचटाशेजारून चालणाऱ्या पोरांच्या खिशात काडेपेटी देणारा लीडर आम्हाला तरी नको.

आमचे म्हणणे असे, की सामानाचा विचार वस्तूंपासून सुरू करू नये, तासांपासून करावा. उद्याच्या वाटेवर सगळ्यात अडचणीच्या जागी कोणी पडला, तर जाणता हात त्याच्यापर्यंत पोहोचायला किती तास लागतील? अकलूज ते बोरगाव रस्त्यावर १०८ला फोन लागतो, अकलूजला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि काहीच नाही मिळाले तरी कोणाचा तरी टेम्पो थांबतो. सह्याद्रीतल्या कड्याखाली हाच हिशेब बदलतो. रेंज मिळेपर्यंत एकाने खाली उतरायचे, मग गावकरी, मग लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आपापली कामे टाकून निघणार, चढणार, स्ट्रेचर उतरवणार. दुपारी तीनला मुरगळलेला पाय पहाटे तीनला गाडीत बसतो. पहिल्या वाटेची पेटी तासाभरासाठी भरायची आणि दुसरीची एका रात्रीसाठी. आपण मात्र एकच पेटी भरतो आणि ती दोन्हीकडे नेतो.

रात्रीची तयारी म्हणजे काय, हे हरिश्चंद्रगडाने ऑगस्ट २०२३ मध्ये दाखवून दिले. पुण्याहून गेलेला तरुणांचा गट धुक्यात वाट चुकला, रात्र पावसात काढावी लागली आणि त्यांतला एक जण गारठ्याने दगावला. महाराष्ट्रात थंडीने काय मरायचे, ही आपली समजूत. भिजलेला सुती शर्ट आणि कड्यावरचा वारा एकत्र आले की पारा पंधरा अंशांवर असला तरी माणूस गारठून जातो. म्हणून सह्याद्रीसाठी दर माणशी एक हेडलॅम्प (तिघांत एक टॉर्च म्हणजे दोघे अंधारात), प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा सदरा, आणि शिट्टी. मिनिटाला सहा वेळा शिट्टी, मग मिनिटभर थांबायचे, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वाजवून उत्तर द्यायचे. ही खूण सहलीच्या सकाळी सगळ्यांकडून एकदा वाजवून घ्या, नाहीतर शिट्टी गळ्यात नुसती लटकते.

चंदेरी मायलर चादरीबद्दल बरेच जण विचारतात. घ्या, वजन नगण्य आहे. पण ती ऊब देत नाही, अंगातून निघून जाणारी ऊब अडवते. ओल्या कपड्यांवरून गुंडाळली तर तिचा उपयोग निम्माही उरत नाही, आणि वाऱ्यात ती फाटते. त्यापेक्षा वारकरी डोक्यावरून घेतात तो जाड प्लास्टिकचा कागद आम्ही आधी निवडू. पाऊस आला की पांघरा, थांबलात की अंथरा, वारा सुटला की दोघांनी मिळून आत बसा. पिढ्यान्‌पिढ्या चालून ठरलेले सामान आहे ते, त्याला कोणी ‘गिअर’ म्हणत नाही एवढेच.

आता आपल्या मैदानाकडे येऊ, कारण या मासिकाचे निम्मे वाचक दिंड्या, शाळांच्या क्षेत्रभेटी आणि माळरानावरची पक्षीनिरीक्षणे नेतात. इथला धोका कड्याचा नाही, उन्हाचा आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर दुपारी उघड्या मैदानात बसलेल्या जमावातली चौदा माणसे उष्माघाताने गेली. पारा चाळिशीच्या खालीच होता, पण हवा दमट होती. घाम वाळतो तेव्हाच शरीर निवते. सोलापूरच्या कोरड्या उन्हात ओला पंचा अंगावर टाकला की तो वाळता वाळता उष्णता घेऊन जातो. दमट हवेत त्याच पंचावर वारा घालत बसावे लागते. आणि आपल्याकडची हवा कोरडी म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी दिलेल्या उभ्या उसातल्या पायवाटेने दोन शेते ओलांडा, वारा थांबतो, दम कोंडतो, खारघर इथेच आहे हे कळते.

चालताना कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, ओळखीची माणसे ओळखेनासा झाला, तर तो थकलेला नाही, त्याच्या मेंदूला ऊन लागले आहे. आधी गार करा, मग हलवा. सावली, अंगावर पाणी, वारा. बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप आजाराचा नाही. यासाठी लागणारे सामान दुकानातल्या ‘फर्स्ट एड किट’मध्ये नसते. दर दहा माणसांमागे पाच लिटरचा एक कॅन, तोही पिण्याच्या पाण्याहून वेगळा ठेवलेला. दोन पंचे, एक छत्री, वारा घालायला पुठ्ठा. छत्री नेणाऱ्या ट्रेकरला आपल्याकडे हसतात. हसोत.

मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल सांगायचा आम्हा श्रीपूरकरांना खास अधिकार आहे, असे समजतो. साखर इथल्या हवेत आहे. हंगामात मळीचा वास अंथरुणापर्यंत येतो. १९३०च्या दशकात स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना आणि पुढे सहकारातला पांडुरंग कारखाना यांनी हे गाव नकाशावर आणले. याच साखरेचे एक काम असे, की आतड्यात ती एकटी शोषली जात नाही, सोबत मिठातले सोडियम ओढून नेते आणि त्याच्या मागे पाणी जाते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीच्या रोग्यांना तोंडाने द्रावण पाजले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ आहे. घरी करायचे तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

चूक होते ती इथेच. लिटरचे पाकीट मुले अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामे करतात. द्रावण दुप्पट घट्ट झाले की ते पाणी आत नेण्याऐवजी आतड्यात ओढून घेते. म्हणून पाकिटाबरोबर लिटरची खूण असलेली बाटली हीसुद्धा पेटीतली वस्तू समजा. उसाचा रस म्हणजे ओआरएस नव्हे, त्यात लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर असते. तहान भागवायला तो ठीक, जुलाब लागलेल्याला नको. खोक्यातली गोड पेये तर नाहीच नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव वापरायला मनाई केली, तरी जुन्या सवयीने ती मागितली जातातच.

सापाचे थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारे एकच प्रतिविष आपल्याकडे आहे, मुंबईच्या हाफकिनमध्येही ते बनते, आणि ते रुग्णालयात मिळते, पेटीत नाही. विष ओढून काढायचा पंप विकत घेतला असेल तर तो मुलांना खेळायला द्या. आवळपट्टी, ब्लेड, चिरा, काही नको. हात किंवा पाय फळीला बांधून हलेनासा करायचा, दंशाची वेळ पेनाने कातडीवर लिहायची आणि निघायचे. पेन मात्र आमच्या तपासणीत निम्म्या पेट्यांत सापडले नाही.

आग्या मोहोळ हा किल्ल्यांवरचा धोका सापापेक्षा मोठा आहे, आणि त्यावर सामान जवळजवळ नाहीच. डोके-चेहरा झाकणारी चादर, अत्तर न लावणे आणि पळायची वाट आधी बघून ठेवणे. ॲलर्जीने धाप लागणाऱ्याला द्यायचे ॲड्रेनॅलिनचे तयार इंजेक्शन आपल्या दुकानांत सहजी मिळत नाही, तेव्हा आधी कधी असे झालेल्या माणसाला मोहोळाच्या वाटेवर नेऊच नये.

आणखी एक, जे कुठल्याच यादीत नसते. गळीत हंगामात पहाटे निघणारा गट श्रीपूरच्या रस्त्यावर ज्या गोष्टीने मरू शकतो ती म्हणजे उसाची ट्रॉली. मागचा दिवा नाही, बाजूने ऊस बाहेर आलेला, आणि तिला ओलांडणारी गाडी थेट रस्त्याच्या कडेला येणारी. कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावून घेतात. चालणाऱ्यांना कोण लावणार? पहिल्या आणि शेवटच्या माणसाला चमकणारे जाकीट द्या, मधल्यांच्या पाठपिशव्यांवर रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा.

सामान कोणाकडे, हाही प्रश्न आहेच. सगळे लीडरच्या पाठीवर असले आणि लीडरच घसरला तर? पेटी दोन ठिकाणी विभागा, एक पुढे आणि एक सर्वांत मागच्या माणसाकडे, कारण फोड आलेला नेहमी मागेच पडलेला असतो. फोन चार्ज्ड हवा, शिवाय नंबर कागदावरही. ११२ हा क्रमांक तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून लागू शकतो. फोनवर ‘उसात आहोत’ सांगून कोणी पोहोचत नाही. कॅनॉलचा फाटा, वस्ती, मैलाचा दगड सांगता आला पाहिजे.

मागे एका संस्थेच्या सहलीला आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. पेटी मोठी, लाल, पांढऱ्या फुलीची. एका मुलीला उलट्या सुरू झाल्या तेव्हा ती उघडली. पाकिटांची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली, टॉर्चमध्ये सेल फुटून हिरवे झालेले, आणि कात्रीला तिच्या मूळ प्लास्टिकचे वेष्टन तसेच. मुलीला शेजारच्या वस्तीवरून साखर-मीठ आणून पाजले, ती सावरली. ती पेटी दर वर्षी सहलीला जात होती. दर वर्षी न उघडता परत येत होती, आणि यालाच ते सुरक्षित सहल म्हणत होते.

तेव्हा वाचकांना एक काम. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. प्रत्येक सहलीनंतर त्यावर दोनच गोष्टी लिहा: काय वापरले, आणि काय लागले पण नव्हते. पुढच्या पाच सहलींनंतर त्या कागदाचा फोटो आमच्याकडे पाठवा, वाटेचे नाव आणि महिना घालून. यादी हवी असेल तर ती आम्ही त्या कागदांवरूनच करू.