कुंपण आणि शेत

गेल्या महिन्यांत आमचे एक वृद्ध स्नेही आपला संगणक घेऊन आमच्याकडे आले. "फार मंद चालतो, जरा पाहा," एवढीच त्यांची तक्रार होती. पाहतों तों ब्राउझरांत अकरा एक्स्टेन्शनें! एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला मागाहून जोडावयाचें छोटें साधन. एक जाहिराती अडवितें, दुसरें पाळत ठेवणारांस हुसकतें, तिसरें संकेतस्थळाच्या सचोटीची साक्ष देतें. "हीं सर्व सुरक्षिततेसाठींच घातलीं आहेत," असें ते मोठ्या समाधानानें म्हणाले. याच ब्राउझरांतून ते बँकेचें खातें पाहतात व औषधें मागवितात. म्हणून त्यांच्या समाधानांत आम्हांस सामील होतां येईना.

कारण साधें आहे. अशीं बहुतेक एक्स्टेन्शनें 'सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणें व बदलणें' अशी परवानगी मागतात. पाळत ओळखावयाची तर पान पाहिलेंच पाहिजे. तेव्हां ही मागणी मुळांत गैर नव्हे. परंतु ज्याला ती मिळाली त्याला आपलीं पत्रें, खात्यांतील शिल्लक, परवलीचे शब्द, सारेंच दिसूं शकतें. रखवालदार नेमतांना माजघरापासून तिजोरीपर्यंतच्या सर्व किल्ल्या त्याच्या हातीं द्याव्या, तसा हा प्रकार आहे. मग तो कोठला, कोणाच्या पगारावर, हें विचारावयास नको काय?

कुंपणानेंच शेत खाल्ल्याचीं उदाहरणें काल्पनिक नाहींत. 'वेब ऑफ ट्रस्ट' हें एक्स्टेन्शन कोणतें संकेतस्थळ विश्वासास पात्र आहे हें सांगे. तेंच वापरणारांच्या भ्रमंतीची नोंद परक्यांच्या हातीं देत होतें, हें जर्मनींतील एनडीआर या प्रसारण संस्थेनें २०१६ सालीं उघड केलें. 'अवास्ट' कंपनीच्या साधनांनीं गोळा केलेली माहिती तिच्याच 'जम्पशॉट' या उपकंपनीमार्फत विकली गेली. २०२४ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें तिला १ कोटि ६५ लक्ष डॉलर भरावयास लाविले. 'नॅनो डिफेंडर' २०२० सालीं नव्या मालकांकडे गेलें आणि थोड्याच दिवसांत त्यांत घातक बदल झाले. नांव तेंच, चिन्ह तेंच. रखवालदार मात्र बदललेला! डिसेंबर २०२४ मध्यें तर माहितीचें रक्षण हाच जिचा व्यवसाय, त्या 'सायबरहेवन' कंपनीचा एक कर्मचारी बनावट पत्रास फसला व तिच्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ति लोकांच्या संगणकांत शिरली.

"मग ठेवूं तरी कोणतीं?" असें आमच्या स्नेह्यांनीं विचारलें. आमचें मत असें. 'यूब्लॉक ओरिजिन' हें रेमंड हिल यांचें काम; त्याची घडण कोणासही तपासतां येते आणि ते त्यासाठीं देणगीही घेत नाहींत. नुसतें 'यूब्लॉक' हें निराळें आहे. म्हणून 'ओरिजिन' हा शब्द पाहूनच घ्यावें. क्रोममध्यें नव्या नियमांमुळें २०२५ पासून तें चालेनासें झालें व तेथें 'लाइट' ही सौम्य आवृत्ति वापरावी लागते. फायरफॉक्समध्यें मूळ साधन चालतें. 'प्रायव्हसी बॅजर' हें इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेचें. तें जाहिरात म्हणून कोणास अडवीत नाहीं. जो निरनिराळ्या संकेतस्थळांवर आपल्या मागें मागें फिरतो त्यालाच अडवितें. दोहोंपैकीं एक पुरे. 'नोस्क्रिप्ट' सर्वांत कडक. पण त्यापायीं निम्मीं पानें मोडकीं दिसतात, तेव्हां संसारी माणसानें त्याच्या वाटेस न जावें हें बरें. परवलीचे शब्द सांभाळणारें 'बिटवॉर्डन' मात्र उपयोगी आहे. बँकेसारखें दिसणारें खोटें पान पुढें आलें तर पत्ता जुळत नाहीं म्हणून तें आपण होऊन शब्द भरावयास पुढें येत नाहीं. आपली दृष्टि फसते तेथें तें फसत नाहीं. अर्थात् दूरध्वनीवरून कोणी ओटीपी मागितला व आपण तो सांगितला, तर कोणतेंही एक्स्टेन्शन कामास येणार नाहीं.

एक एक करून आम्हीं नऊ काढिलीं. 'एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर'पाशीं मात्र स्नेह्यांचा हात थबकला. परदेशीं असलेल्या मुलानें सुटींत आला असतां तें घालून दिलें होतें. तें साधन २०१० सालचें, मोठें गुणी. पण त्याचें काम ब्राउझर स्वतःच करूं लागल्यामुळें जानेवारी २०२३ मध्यें त्याच्या कर्त्यांनींच त्यास निवृत्त केलें. हें सांगतांच त्यांनीं तें स्वतःच्या हातानें काढिलें आणि म्हणाले, "आतां त्याला कळवितों, त्याच्या संगणकावरचेंही काढ म्हणून."

आमच्या वाचकांनींही सणापूर्वीं माळा झाडावयास काढतात त्या दिवशीं ही यादी एकदां उघडून पाहावी. जें कोणी, कशासाठीं घातलें हें घरांत कोणासच सांगतां येत नसेल, तें काढून टाकण्यास संकोच करूं नये.