'वय झालं' म्हणून चालणार नाही



कर्जत-खालापुरात जमिनी विकल्या गेल्या, फार्महाऊसं उठली, २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा झाला. जमिनीचे पैसे आले, वाटलेही गेले. ज्याने जन्मभर राब भाजले, लावण्या केल्या, त्या म्हाताऱ्याचे काम मात्र गेले ते गेलेच. तो ओटीवर गप्प बसून असतो. जेवण तुटते, झोप उडते, सकाळी सांगितलेले दुपारी आठवत नाही. सातबारावर जिचे नाव कधी चढलेच नाही, त्या म्हातारीकडे तर कुणी बघतही नाही. घरचे म्हणतात, 'साठी बुद्धी नाठी.'

आम्ही म्हणतो, हा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे. २०१७-१८ साली देशभर झालेल्या 'लासी' पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्याच्या आजाराची लक्षणे आढळली. तसे निदान झालेले होते फक्त ०.८ टक्के. बाकीच्यांच्या वाट्याला 'वय झालं' एवढेच आले.

नैराश्यात लक्ष लागत नाही, म्हणून आठवणही राहत नाही. वेळेवर उपचार झाले तर पुष्कळांचे मन सावरते आणि डोकेही चालू लागते. खरा स्मृतिभ्रंश वेगळा. पण वाढलेला रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, नैराश्य, एकटेपणा यांनी त्याचा धोका वाढतो, असे 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली सांगितले. यातल्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी करता येते.

वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ साली सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची तपासणी, अशी त्यात तरतूद आहे. आमची मागणी साधी आहे. तो दिवस ठरवा, गावोगाव, ठाकूर-कातकरी वाड्यांपर्यंत कळवा. त्या दिवशी रक्तदाब आणि कान तपासा, मन आणि आठवण यांचीही विचारपूस करा, औषध तिथेच द्या. तालुक्याला खेपा घालायला लावू नका. तोवर १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा फुकट फोन प्रत्येक शाखेच्या फळ्यावर लिहा.

सरकारकडे मागताना आपणही एक करू. कोणते बी पेरायचे, बांध कुठे फुटतो, हे म्हाताऱ्यांना विचारू. त्यांना बैठकीला हाताला धरून आणू आणि बोलू देऊ. शेतमालाच्या भावासाठी भांडणाऱ्या संघटनेने शेतकऱ्याच्या म्हातारपणासाठीही भांडले पाहिजे. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडा.