रक्त थिजण्याआधी तपासा : क्रायोग्लोब्युलिनेमियाच्या रुग्णांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री व मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

थंडीत वाटीतले तूप थिजते, ऊब लागली की पुन्हा पातळ होते. काही माणसांच्या रक्तात अशीच वागणारी प्रथिने तयार होतात. १९४७ साली लर्नर आणि वॉटसन यांनी त्यांना क्रायोग्लोब्युलिन हे नाव दिले; त्यांच्यामुळे होणारा आजार म्हणजे क्रायोग्लोब्युलिनेमिया. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकली की नडग्यांवर जांभळे ठिपके उठतात, सांधे दुखतात, पायांना मुंग्या येतात. मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकली की लघवीला फेस येतो, रक्तदाब चढतो आणि वेळ गेली तर डायलिसिसची पाळी येते. थंडी टाळली की मूत्रपिंड वाचते, असे मात्र नाही. तिथली सूज शरीराच्या उबेतही चालू राहते.

आमचे सर्वांत मोठे गाऱ्हाणे रक्त घेण्याच्या पद्धतीबद्दल आहे. आमच्यातल्या एका ताईंचा या प्रथिनांच्या तपासणीचा अहवाल तीनदा ‘निगेटिव्ह’ आला. तिसऱ्या वेळी मुलगा सोबत होता. नळी बर्फाच्या पिशव्यांच्या पेटीत ठेवताना त्याने पाहिली. अशा पेटीत ही प्रथिने वाटेतच थिजतात आणि रक्ताच्या गुठळीसोबत फेकली जातात. उरलेल्या पाण्यात सापडणार काय? चौथ्या वेळी नळी कोमट पाण्याच्या थर्मासमधून गेली. वेगळा केलेला सीरम फ्रिजमध्ये ठेवला, आणि चौथ्या दिवशी तळाशी पांढरा थर दिसला. तोवर दीड वर्ष संधिवाताच्या वेदनाशामक गोळ्या चालू होत्या, कारण या आजारातही संधिवाताची खूण मानला जाणारा र्‍हुमॅटॉइड फॅक्टर बहुधा पॉझिटिव्ह येतो. त्या गोळ्या आजारी मूत्रपिंडाला आणखी मारक.

म्हणून आमची पहिली मागणी : प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जिल्हा रुग्णालयात या तपासणीचे रक्त गरम केलेल्या सिरिंजने गरम केलेल्या नळीत घ्यावे, गुठळी होऊन सीरम वेगळा होईपर्यंत ३७ अंश सेल्सिअसला ठेवावे, मग सीरम ४ अंशाला सात दिवस ठेवून पाहावा. नमुना कोणत्या तापमानात आला हे अहवालावर लिहावे. ती नोंद नसेल तर ‘निगेटिव्ह’ला अखेरचा शब्द मानू नये. रक्तातला सी-४ हा घटक या आजाराचा संशय यावा इतका उतरलेला असेल तर तपासणी पुन्हा करावी.

दुसरी मागणी हेपटायटिस सीची. मिश्र प्रकारच्या क्रायोग्लोब्युलिनेमियामागे बहुतेक वेळा हाच विषाणू निघत आला आहे. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची औषधे मोफत मिळतात, आणि बहुतेकांचा कोर्स बारा आठवड्यांत संपतो. म्हणजे कारण सापडले तर त्यावर इलाज हाताशी आहे. तेव्हा पायावर ठिपके आणि लघवीत प्रथिने असलेल्या प्रत्येकाची हेपटायटिस सी तपासणी व्हावी, आणि हेपटायटिस सीच्या प्रत्येक रुग्णाची लघवी व क्रिएटिनिन तपासावे. विषाणू गेला तरी मूत्रपिंडाची सूज मागे राहू शकते. औषध संपले म्हणून कागद बंद करू नयेत. डायलिसिस केंद्रांतून हा विषाणू पसरू नये यासाठी तिथली स्वच्छता कडकपणे तपासावी, हे वेगळे सांगायला नको.

सगळेच रुग्ण विषाणूचे नसतात. कोणाला शोग्रेन हा स्वयंप्रतिकार आजार असतो, कोणाला मायलोमासारखा रक्ताचा कर्करोग. गंभीर अवस्थेत रितुक्सिमॅब किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज लागते, आणि रोज कमावून खाणाऱ्या घराला तो खर्च झेपत नाही. म्हणून तिसरी मागणी : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार या आजाराच्या नावानिशी स्पष्ट लिहावेत. रितुक्सिमॅबआधी हेपटायटिस बीची तपासणी सक्तीची असावी. दबलेला तो विषाणू या औषधाने उसळू शकतो.

पहिल्या मागणीला मोठी तरतूद लागणार नाही. जंतू वाढवण्यासाठी ३७ अंशांची पेटी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आधीच असते. हवा आहे तो एक थर्मास, एक तापमापक आणि आपल्या सहीचे एक परिपत्रक. ते येत्या हिवाळ्याआधी निघावे, ही कळकळीची विनंती.

आपले,
मूत्रपिंडाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक